आमच्या मॅडमचं पत्रक

तिशीत आत्मकथन लिहायला घेतलं म्हणून आमच्या संघटनेतले लोक हसतात. हसू देत. साठीपर्यंत थांबले तर मी आत्ताच्यापेक्षा खूप शहाणी झालेली असेन आणि मग खरं लिहिणार नाही. आणि बारावीचं ते वर्ष मला आत्ताच लिहायचंय, कारण त्या वर्षी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक लिहिलं आणि सगळ्यात वाईट कामही तेच केलं.

आमचं घर कळव्याला, खाडीच्या बाजूला जुनी वस्ती आहे तिथे. आता समोर टॉवर आलेत आणि आमच्या घरात ऊन दुपारी बारा ते दोन एवढंच येतं. त्याबद्दल मी वेगळं पत्रक काढलेलं आहे, इथे नको. तेव्हा पहाट व्हायची ती बर्फाच्या आवाजाने. आय बाजारात जायच्या आधी गोणपाटात बर्फाची लादी गुंडाळून तिच्यावर लाकडी दांडका हाणायची. धप्, धप्, मग चुरा. त्या आवाजावर मी शाळेची सगळी वर्षं उठले, अजून घड्याळ लावत नाही. बाबा खाडीत जायचा, पण खाडीत आधीसारखं काही राहिलं नव्हतं. चार निवट्या, थोडी कोलीम, नशीब असेल तर चिंबोऱ्या. बाजारातली मासळी आय बंदरावरून आणायची. घरात खायला मात्र खाडीचंच. कोलमाची चटणी आणि तांदळाची भाकरी डब्यात नेली की वर्गात पहिली दोन बाकं रिकामी व्हायची. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. पंख्याखालची जागा मिळायची.

आय दोन कामं करायची. मासे विकायची आणि लग्नं लावायची. आमच्यात जुन्या पद्धतीच्या लग्नात धवलारीण लागते, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं तिच्या गाण्यावर चालतं. ती एक ओळ म्हणते, मागच्या बायका ती उचलतात. आयचा आवाज जाडा, थोडा फुटलेला, बर्फासारखाच. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुठल्या घरातल्या किती पिढ्यांची नावं कुठल्या क्रमाने घ्यायची ते सगळं तिच्या डोक्यात.

आणि मी लिहायला शिकले ती शाळेत नाही. काशीमामाकडे. काशीमामा म्हणजे आयचा धाकटा भाऊ. मासळी बाजारातल्या बायकांचे ओटे तोडायला आले तेव्हा त्याने समिती काढली आणि समितीला अक्षर बरं असलेलं कुणी लागतं म्हणून आठवीतली भाची धरली. तो फेऱ्या मारत बोलायचा, मी लिहायचे. 'तमाम भगिनींनो' कुठे, 'सस्नेह आवाहन' कुठे, 'तीव्र निषेध' किती वेळा. एका पत्रकात दोनदाच, तिसऱ्यांदा तो विनोद होतो. खोपटला डेपोच्या मागे एका गाळ्यात आमची छपाई व्हायची. गुलाबी नाहीतर पिवळा कागद, स्वस्तातला, हाताला शाई लागणारा. मामाचे दोन नियम होते. पहिला: "मागणी नंतर, माणूस आधी. पाचव्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी नाय आला तर कागद फुकट." दुसरा: "पत्रक दोन जागी गेलाच पायजे. ज्याच्या इरुद्ध हाय त्याच्या दारान, आनि ज्याच्यासाठी हाय त्याच्या आलीन." व्हॉट्सॲप आलेलं होतं, पण मामा म्हणायचा की ते पुढे ढकलून माणूस विसरतो, कागद घरात पडून राहतो. यात तो बरोबर होता. फारच बरोबर होता.

तर अशी मी, प्रधान मॅडमच्या इंग्रजीच्या वर्गात गेले.

ठाण्यातलं एक ज्युनिअर कॉलेज, कॉमर्सचा वर्ग, एकशे वीस पोरं, सगळ्यांना इंग्रजी फक्त पास होण्यापुरतं हवं. प्रधान मॅडम डोंबिवलीहून यायच्या. चाळिशीच्या, उंच, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत कायम एक फणी, कारण त्यांचे केस खाडीपुलावरच्या वाऱ्यात विस्कटायचे आणि विस्कटलेल्या केसांनी वर्गात जायचं नाही हा त्यांचा हट्ट. तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जितके तास शिकवाल तितकं मानधन, आणि दर वर्षी नव्याने विचारायचं की यंदा ठेवताय का. ही पद्धत कुणी काढली त्याला मी एकदा भेटणार आहे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, पोर्शन मी पूर्ण करीन, पण त्याच्यासोबत आपण तीन गोष्टी करू. स्वतःबद्दल लिहायचं. व्याकरण त्या लिखाणातूनच शिकायचं. आणि एक जुनं, दोन हजार वर्षांहून जुनं ग्रीक नाटक वाचायचं, सोप्या इंग्रजीत, झेरॉक्सवर.

"मॅडम, परीक्षेला येणार का ते?" निनादने विचारलं. निनाद डोंबिवलीचाच, त्यांच्याच गल्लीच्या मागच्या गल्लीतला, आणि वर्गात माझ्या बाकावर बसायची हिंमत करणारा एकटा.

"नाही."

"मग कशाला?"

"कारण परीक्षा मार्चमध्ये संपते, निनाद. तू नाही संपत."

पोरं हसली. मी नाही हसले. मला वाटलं, बाई पत्रक चांगलं लिहील.

माझं पहिलं लिखाण मी फार जोरात दिलं. बाजारातले ओटे पाडले त्या दिवसाबद्दल. इंग्रजी मोडकं, पण आवेश मामाचा. 'आमच्या न्याय्य हक्कांवर घाला घालण्यात आला. आमचे ओटे पाडण्यात आले. आम्ही तीव्र निषेध करतो.' सगळं तसंच इंग्रजीत. वही परत आली तेव्हा लाल शाई कुठेच नव्हती, त्या पेन्सिलीनेच लिहायच्या. 'पाडण्यात आले' खाली एक रेघ आणि शेजारी: कुणी पाडले? आणि शेवटी एक ओळ: तू कुठे उभी होतीस?

मला राग आला. आम्ही लढतोय आणि ही विचारते उभी कुठे होतीस. तासानंतर गेले भांडायला.

"मॅडम, ते माझ्याबद्दल नाहीये. ते सगळ्यांबद्दल आहे."

"हो ना. पण सगळ्यांबद्दल मला पेपरमध्ये वाचता येईल. तू कुठे होतीस?"

"आयच्या ओट्याखाली."

"ओट्याखाली काय करत होतीस?"

"टोपली धरून बसलेले. बोंबील होते. ते तुडवले असते त्यांनी."

मॅडमनी पिशवी खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली. "मग हे कुठे लिहिलंयस?"

नव्हतंच लिहिलं. मला तोवर कुणी सांगितलेलंच नव्हतं की टोपली धरून बसणं हे लिहिण्यासारखं आहे. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हात बसून मी ते परत लिहिलं. बर्फाचं पाणी पाठीवर टपटपत होतं ते लिहिलं. ओट्याच्या फटीतून एका माणसाचे काळे बूट दिसत होते आणि एकाची नाडी सुटलेली होती ते लिहिलं. आणि 'महापालिकेच्या माणसांनी पाडले' असं लिहिलं, 'पाडण्यात आले' नाही. आजही संघटनेत कुणी मसुद्यात 'करण्यात आले' लिहिलं की मी पेन्सिलीने रेघ मारते. पोरं वैतागतात.

नाटकाची गंमत वेगळीच झाली. त्या जुन्या नाटकांचा एक नियम असायचा म्हणे: रक्तपात, मरण, जे सगळ्यात भयंकर ते रंगमंचावर दाखवायचं नाही. राजवाड्याचं दार बंद होतं, आत काय व्हायचं ते होतं, मग एक निरोप्या बाहेर येतो आणि सांगतो.

"म्हणजे मारामारी दाखवतच नाहीत?" निनाद म्हणाला. "मग लोक बघायचे काय, मॅडम?"

"दार," मॅडम म्हणाल्या. आणि खरंच जाऊन वर्गाचं दार लावलं आणि एक मिनिट काही बोलल्या नाहीत. एकशे वीस पोरं त्या दाराकडे बघत बसली. बाहेर शिपायाने बादली आपटली तर दोन मुली किंचाळल्या.

त्या नाटकात गावकऱ्यांचा एक गट असतो, कोरस, तो सगळं एकत्र बोलतो. आम्ही ते वाचलं की शाळेतल्या पाढ्यांसारखं व्हायचं. मी म्हटलं, मॅडम, हे असं नाही, एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, आमच्या लग्नात असतं तसं. आणि म्हणून दाखवलं. आयच्या चालीवर ग्रीक गावकरी. वर्ग लोळला हसून, पण मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला भेटता येईल मला?"

त्या रविवारी आल्या. आयने 'डोंबिवली' आणि 'मॅडम' एवढं ऐकून बटाट्याची भाजी, वरण आणि पोळ्या करून ठेवलेल्या, पोळ्या शेजारणीकडून. मॅडमनी ताटाकडे बघितलं, मग चुलीकडे. "तिथे काय शिजतंय?"

"ता आमचा हाय," आय म्हणाली. "निवट्या हायेत. तुमी नाय खानार."

"कोण म्हणालं?"

चार निवट्या खाल्ल्या बाईने, काटे काढायची पद्धत आयला विचारून. त्यानंतर आय त्यांच्या बाबतीत एक शब्द ऐकून घ्यायची नाही. जेवण झाल्यावर मॅडम वही काढून बसल्या आणि विचारू लागल्या, गाणं आधीच ठरलेलं असतं का, की तिथे सुचतं? आय म्हणाली, चाल ठरलेली, नावं नाय. "लगनाच्या आदल्या दिशी मी त्या घरान जातंय. घरच्या बायकांना इचारतंय, कुनाकुनाचा नाव घालू? कुनाचा नको? कुनाच्या घरान कुनी पलून गेलेला असतंय, कुनी दारूवर मेलेला. त्या सांगतात, यो घाल, यो नको. नको बोललंन तं नको. किती पन मोठा मानूस असूदे."

"आणि ते नाव गाण्यात बसत असलं तर? छान जमत असलं तर?"

"बाय, गाना माजा. नाव त्यांचा."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मी बाजूलाच बसलेले, निवट्यांचे काटे एका पानात गोळा करत. ऐकलं. म्हणजे कानांवर पडलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दिवाळीनंतर मॅडम म्हणाल्या, आता बाकं गोल लावू, ज्यांना हवं त्यांनी आपलं लिखाण मोठ्याने वाचायचं. गोलात वाचलेलं गोलात राहील. कुणी तयार होईना. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून मागतेय ते आधी मी द्यायला हवं," आणि पिशवीतून एक कागद काढला. दीड पान होतं. त्यांच्या घरातल्या एका गोष्टीबद्दल. त्यांनी ते कधीच कुणाला सांगितलेलं नव्हतं, घरात तर अजिबात नाही. वाचताना त्यांचा एक हात पिशवीतल्या फणीवर होता आणि ती फणी कटकट वाजत होती. वाचून झालं. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो वर्षभर फक्त हजेरीला बोललेला, उठला आणि म्हणाला, "मी वाचू का?"

त्या महिन्यात आमच्या वर्गात जे झालं ते मी नंतर कुठेच पाहिलं नाही. पोरं इंग्रजी चुकीचं बोलत होती आणि थांबत नव्हती.

आणि मग एका मुलीच्या वडिलांना तिची वही घरी सापडली. घरातल्या भांडणाबद्दल तिने लिहिलेलं. ते तडक कॉलेजात आले: माझ्या घरच्या गोष्टी तुम्ही वर्गात चव्हाट्यावर मांडायला शिकवता? उपप्राचार्यांना निमित्तच हवं होतं. पोर्शन मागे आहे, नाटक अभ्यासक्रमात नाही, वर्गात गाणी म्हणतात. शनिवारी कॉलेजच्या समितीची बैठक ठरली, मॅडमना पुढे ठेवायचं की आजच्या आज थांबवायचं. मॅडमनी आम्हाला यातलं काही सांगितलं नाही. निनादने ऑफिसात ऐकलं आणि मला येऊन सांगितलं.

मी तशीच खोपटला गेले. छापखान्यातल्या बाकड्यावर बसून एका बैठकीत लिहिलं. 'आमच्या मॅडमना हात लावू नका.' मामाचा आवाज डोक्यात: माणूस आधी. आणि माणूस माझ्याकडे होता ना! मॅडमची ती दीड पानं मला जवळजवळ पाठ होती. त्यातल्या पाच ओळी मी मराठीत केल्या आणि वरच घातल्या, की बघा, ही बाई स्वतः काय सोसून आमच्यासमोर उभी राहते, आणि तुम्ही तिला पोर्शन विचारता. लिहिताना मीच रडत होते. डीटीपी करणारा दादा टाइप करता करता थांबला आणि डोळे पुसून म्हणाला, "कोन हाय गं ही बाई?" मला कळलं, जमलंय.

शुक्रवारी सकाळी गेटवर वाटलं. आणि मामाचा दुसरा नियम: ज्याच्यासाठी आहे त्याच्या आळीत. एक गठ्ठा निनादला दिला. "मॅडमच्या एरियात टाक. शेजाऱ्यांना कळू दे आपल्याकडे कोण राहतं ते."

"सोसायटीत लावू का? बोर्ड आहे खाली."

"लाव की. बिनधास्त लाव."

शनिवारी कॉलेजच्या आवारात दीडेकशे माणसं जमली. आया आल्या, बाप आले, बाजारातल्या आमच्या बायका टोपल्या बाजूला ठेवून आल्या. ज्यांनी तक्रार केली होती ते वडील हातात पिवळा कागद धरून कडेला उभे होते. ते आत जाऊन म्हणाले म्हणे, की माझी तक्रार मी मागे घेतो. अर्ध्या तासात निर्णय आला: मॅडमना ठेवायचं. पोरांनी बाकं बडवली. निनादने मला उचललं आणि लगेच खाली ठेवलं, दोघेही लाजलो. मॅडम मात्र दिसल्या नाहीत. त्या दिवशी त्या आल्याच नव्हत्या.

संध्याकाळी घरी आले तर आय उंबऱ्यात बसून मांदेली साफ करत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि पत्रक वाचून दाखवलं, तालात, जसं वाचावं तसं. पाच ओळी झाल्या. तिचे हात थांबले.

"यो बाईनी तुना कवा सांगलंन?"

"वर्गात. वाचून दाखवलेलं."

"आनि छापाच्या आधी तिला इचारलास?"

"अगं, सरप्राइज होतं. तिच्यासाठीच तर केलं. आणि आम्ही जिंकलो ना!"

आयने हातातल्या मांदेलीचं पोट काढलं, पाण्यात टाकली, दुसरी घेतली. मग म्हणाली, "त्या दिशी तू तं बाजूलाच बसलेलीस गो."

एवढंच. मला आयुष्यात खूप लोकांनी झापलंय, पोलिसांनीसुद्धा. त्यातलं काही लक्षात नाही.

सोमवारी उपप्राचार्यांनी वर्गात येऊन सांगितलं की प्रधान मॅडमनी राजीनामा दिला आहे, वैयक्तिक कारण. जाताना माझ्याकडे बघून गेले. पहिल्यांदाच त्या माणसाच्या नजरेत मला काही वाईट दिसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

दुपारी मी निनादकडून पत्ता घेऊन डोंबिवलीला गेले. तीन मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही. खाली बोर्डावर पाणी कपातीची नोटीस, आणि तिच्या शेजारी चार टाचण्या, कागद नसलेल्या. दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. कुणी आलं नाही. आत कुकरची शिट्टी झाली, म्हणजे घरात माणूस होतं. परत वाजवली. खाली भाजीवाला ओरडत होता. मी त्या दारासमोर उभी राहिले आणि काय बोलायचं त्याची तयारी करू लागले, हळू आवाजात, कारण मला तयारीशिवाय बोलता येत नाही. किती वेळ ते आठवत नाही. जायला वळले तेव्हा कडी निघाली.

मॅडमचा चेहरा ओला होता. केस विंचरलेले नव्हते. "ये," म्हणाल्या, आणि कोकम सरबत दिलं, चहा नाही. मी ग्लास हातात धरून पाठ केलेलं सगळं विसरले.

"मी बोर्डावर लावायला नको होतं," एवढंच निघालं तोंडातून.

"बोर्डावर," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई भाजी घ्यायला खाली गेल्या होत्या. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी माझं नाव बघितलं आणि समोरच्या बाईंना म्हणाल्या, जरा वाचून दाखवा हो, आमच्या सुनेबद्दल काय छापलंय."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. त्या उठल्या नाहीत.

"फार चांगलं लिहिलंयस, दर्शना. मी सांगितलेलं सगळं केलंस. कोण ते सांगितलंस, कुठे ते सांगितलंस. वाचणाऱ्याला तिथे नेऊन उभं केलंस. वाईट लिहिलं असतंस तर कुणी पाचव्या ओळीपर्यंत गेलं नसतं."

"मॅडम, पण कमिटीने तुम्हाला ठेवलंय. तुम्ही परत या ना."

"त्या वर्गात आता मी काय वाचू? आणि कोण वाचेल माझ्यापुढे?" मग त्यांनी माझी वही आणली, ओट्यांबद्दलच्या त्या लिखाणाची, आणि माझ्या मांडीवर ठेवली. "हे तुझं आहे. हे कुठेही छाप. माझं मी कधीतरी लिहीन. नाहीतर नाही लिहिणार. पण ते ठरवायचं मी."

मी जिन्यातून उतरताना भाजीवाल्याने विचारलं, काय झालं गं पोरी. मी त्याला सांगितलं नाही. तो पहिला माणूस, ज्याला मी काही सांगितलं नाही.

मॅडम परत कुठल्या कॉलेजात गेल्या नाहीत. घरी शिकवण्या घेतात, अजून घेतात. मध्ये पाच-सहा वर्षं आम्ही बोललो नाही, मग आयच्या आजारपणात त्या एक दिवस डबा घेऊन कळव्याला आल्या आणि मला म्हणाल्या, "काटे काढायला विसरलेय मी, तूच काढ." आमच्या संघटनेत आता एक कागद आहे: ज्याची गोष्ट छापायची त्याला आधी विचारायचं, कुणाचं नाव घालू, कुणाचं नको, काय छापू नको. नवी पोरं त्याला 'आयचा फॉर्म' म्हणतात. त्यामुळे आमची पत्रकं थोडी अळणी होतात. काशीमामा असता तर ओरडला असता.

त्या पाच ओळी काय होत्या ते इथे लिहिलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. लिहिणारही नाही. रागवा हवं तर.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी ते मॅडमना पाठवलं आणि फोन केला. विचारलं, नाव घालू का?

"नाव नको," म्हणाल्या. "दुसरं काहीतरी घाल." म्हणून प्रधान. मी त्यांना हेही विचारलं की काही काढायचंय का.

"काढायचं नाही. एक घालायचंय. तू दाराबाहेर उभी होतीस ते लिहिलंयस. मी कुठे उभी होते ते नाही लिहिलंस."

"मला कुठे दिसत होतं, मॅडम? दार बंद होतं."

"म्हणून सांगतेय. मी दाराच्या आत उभी होते, कडीवर हात ठेवून. पहिल्या बेलपासून. ठरवलेलं की उघडायचं नाही. खूप रडलेही होते. आणि तू बाहेर सुरू केलंस, 'मी, दर्शना तांडेल, बारावी ब, याद्वारे मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करते.' मग थांबलीस आणि म्हणालीस, 'छे, याद्वारे नको.' परत सुरू केलंस. परत याद्वारे." फोनवर त्या हसायला लागल्या, आणि मी इकडे, इतक्या वर्षांनी, कानापर्यंत लाल. "मला हसू फुटलं गं. तीन दिवसांत पहिल्यांदा. तोंडावर पाणी मारून आले आणि मगच कडी काढली. ते तुझ्याकडे नव्हतं. ते मी तुला देतेय. हे छाप."

छापतेय. विचारून.